मालतीबाई आणि मागून आणलेली खाट

हा लेख फार उशिरा देत आहे. त्याबद्दल संपादक मंडळाची आणि आपणा सर्वांची माफी मागतो. मला दिवाळीतच सांगितले होते. संक्रांत गेली तरी माझ्या हातून काही झाले नाही. एक तर माझे शिक्षण बिडकीनच्या शाळेत चौथीपर्यंतच झाले आहे, आणि चार ओळी लिहिल्या की त्यातल्या तीन मला चुकीच्या वाटू लागतात. शिवाय हा सगळा हिवाळा मी एका खाटेच्या शोधात हिंडतो आहे. ती अजून मिळालेली नाही. गौरवग्रंथात असले काही लिहू नये असे कुणी म्हणेल, पण बाईंविषयी लिहायला बसलो की ती खाट मध्ये येतेच, तिला मी काय करू?

मालतीबाईंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेत त्या चित्रकला शिकवीत, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात. मी वयाने त्यांच्याहून मोठा, तरी मीही बाईच म्हणतो. त्यांचे शेजार नाट्यमंडळ आणि दर उन्हाळ्यात एखाद्या गल्लीत भरणारा शेजारमेळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. मेळ्यात नाटके होतात, एक संध्याकाळ कव्वालीची असते, एक भजनाची, आणि दिवसा पोरांनी काढलेली चित्रे गल्लीच्या भिंतींवर लावलेली असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मंडळाची एकच रीत सांगतो. आमच्या नाटकात रंगमंचावर जे सामान दिसते ते सगळे त्याच गल्लीतल्या घरांतून मागून आणलेले असते. खुर्ची, कंदील, तांब्या, आरसा, पाट, सगळे. विकत घ्यायचे नाही, भाड्याने आणायचे नाही. नाटक झाले की दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून ज्याचे त्याला परत. गल्लीतली माणसे नाटक बघायला येत, त्यातली निम्मी आपली खुर्ची कशी दिसते ते बघायला येत, आणि मग नाटकही बघून जात.

माझी ओळख याच रीतीमुळे झाली. औरंगपुऱ्यात माझे सायकली भाड्याने देण्याचे दुकान होते. एके दिवशी बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "एक सायकल पाहिजे, नाटकात उभी करायला."

मी विचारले, "घंट्यावर देऊ का दिवसावर?"

"भाडं देणार नाही. उसनी पाहिजे."

"बाई, हे दुकान हाय. उसनं मागायला लोक घरी जातात."

"बरं. घर कुठंय तुमचं?"

मला वाटले चेष्टा करतात. मी सांगून टाकले. संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलो, तर बाई आमच्या ओट्यावर पार्वतीबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, चहा पीत बसलेल्या. पार्वती मला म्हणाली, "देऊन टाका की एक. तुमचं दुकान काय, घर काय, सायकली तर आपल्याच हायत."

मी दिली, आणि जिवाला घोर लावून घेतला. नाटकाला पहिल्या रांगेत जाऊन बसलो. त्या नाटकात काय होते ते मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण मी सायकलच बघत होतो. युसूफभाई नावाचे नट होते, शहागंजात घड्याळे दुरुस्त करायचे. ते आले आणि त्यांनी सायकलच्या स्टँडला लाथ मारली. मी उभा राहिलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "हळू मार ना बाबा, नवं स्टँड हाय." सगळे हसले. युसूफभाई जरासुद्धा गडबडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "माफ करना मालक, सायकल तुम्हारी, पाँव हमारा," आणि पुढचे बोलू लागले. लोकांना वाटले हेही नाटकातलेच.

मला वाटले आता बाई रागावतील. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सायकल घेऊन आल्या. स्टँडला तेल घातलेले होते. म्हणाल्या, "किसनभाऊ, इतकी काळजी करणारा माणूस मला आजवर भेटला नाही. यापुढं मंडळाचं सगळं मागून आणलेलं सामान तुम्ही सांभाळायचं." माझ्या काळजी करण्याच्या स्वभावाला घरचे, दारचे, सगळे कंटाळलेले होते. पोरे दुकानासमोरून जाताना "काका, टायर गेलं" असे खोटेच ओरडत. बाईंनी त्या काळजीला काम दिले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी ते करतो आहे.

एकदा मी बाईंना विचारले की हे मागायचे खूळ कशासाठी, मंडपवाल्याकडून आणले तर सगळ्यांचा त्रास वाचेल. तेव्हा त्यांनी आपल्या आईची हकिगत सांगितली. बाईंचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. त्या धामधुमीत त्यांच्या शेजारचे एक कुटुंब, निजामाच्या कचेरीतले कारकून होते ते, घाईने हैदराबादला गेले. जाताना घरातले सामान बाईंच्या आईकडे ठेवून गेले. आठ दिवसांत येतो म्हणाले होते. ते आले नाहीत. बाई त्या सामानात लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांच्या आईंनी त्यातला एक चमचासुद्धा वापरला नाही, पण दिवाळीला आपल्या भांड्यांच्या आधी ती भांडी घासली जात. त्या सामानाला घरात 'शेजार' म्हणत. आई विचारायच्या, "मालती, शेजार पुसलास का?" बाई मला म्हणाल्या, "किसनभाऊ, दुसऱ्याची वस्तू घरात असली की माणूस जरा सरळ बसतो." मंडळाचे नाव तिथून आले.

बाई कुणाचे घर सोडत नसत. वरच्या आळीतले जसे मागत तसे दलित वस्तीतलेही मागत, आणि ते रंगमंचावर शेजारी शेजारी ठेवत. एका गृहस्थांचा चांदीचा तांब्या आणला होता. परत देताना ते दारातच थांबले आणि त्यांनी विचारले, "हा कुणाकुणाच्या हातात होता?" त्यांना काय विचारायचे होते ते आम्हाला कळले. आमच्या नाटकात राजाचे काम करणारा पोरगा दलित वस्तीतला होता. बाई म्हणाल्या, "राजाच्या हातात होता. राजाशिवाय कुणाला हात लावू दिला नाही." गृहस्थांनी तांब्या आत नेला. पुढच्या मेळ्याला त्यांच्या बायकोने तोच तांब्या आपणहून आणून दिला आणि मला हळूच विचारले, "राजा तोच हाय ना औंदा?"

माझ्या घरी दुःख झाले तेव्हाचे सांगतो. पार्वती गेली, त्यानंतर मी दुकान उघडत नव्हतो. बाई आल्या. मला वाटले समजूत घालायला आल्या असतील. त्यांनी पाटा-वरवंटा मागितला. मला फार राग आला. तिचा हात रोज त्या दगडावरून फिरायचा, आणि बाईंना तो नाटकाला पाहिजे होता. तरी मी दिला, नाही म्हणायचे बळही नव्हते. नाटकात एक बाई त्यावर लसणाची चटणी वाटत बोलायची. तो आवाज ऐकला आणि घरातून कोणता आवाज नाहीसा झाला आहे ते मला तेव्हा कळले. मी तिथे बसून रडलो, आणि मग जेवायला लागलो. बाईंनी सामान नेहमी धुऊन परत दिले. तो पाटा मात्र त्यांनी तसाच आणला. मी म्हणालो, "बाई, धुवायचा राहिला." त्या म्हणाल्या, "राहू द्या. घरात जरा लसणाचा वास राहू द्या." त्यांनी रीत मोडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आता खाटेचे.

बाईंनी एक नाटक स्वतः लिहिले होते. हिमरू विणणारा एक म्हातारा असतो. त्याचा माग विकावा की ठेवावा यावर मुले भांडत असतात आणि म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत ऐकत मरतो. म्हाताऱ्याचे काम युसूफभाईंचे. त्यासाठी बेगमपुऱ्यातल्या सरूआत्यांकडून नवारीची खाट आणली होती. सरूआत्या एकट्या राहायच्या, तोंडाने फटकळ, पण खाट देताना त्यांनी नवार स्वतः ओढून घट्ट करून दिली. नाटक झाले. म्हातारा मेला तेव्हा गल्लीत कुणी खोकलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि युसूफभाई खाट घेऊन आत्यांच्या दारात गेलो. बाई मागून येत होत्या. आत्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत आणू नका ती."

"आत्या, तुमचीच खाट हाय. पुसून आणलीया."

"पुसून काय होतंय? माणूस मेला तिच्यावर."

मला हसू आले. मी म्हणालो, "आवं, नाटकात मेला. त्यो बघा, खाटंचं दुसरं टोक धरून उभा हाय."

युसूफभाई म्हणाले, "आत्या, मी जिता हाय. हात लावून बघा."

आत्यांनी त्यांच्याकडे नीट बघितले आणि म्हणाल्या, "तू हायस रं. पण तू मेलास तवा मी रडले. मी कुणाला खोटं रडत नसते. आमच्यात माणूस मेलेली खाट घरात ठेवत नायत."

आम्ही दोघे खाट धरून उन्हात उभे. इतकी वर्षे आम्ही घरोघरच्या वस्तू आणल्या, पण मरणाच्या नाटकाला कुणाची खाट मागू नये, हे आमच्यातल्या एकालाही सुचले नव्हते. मी आत्यांना समजावू लागलो, तर बाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, "आत्यांचं बरोबर आहे. त्या खऱ्या रडल्या, मग आपण खोटं कसं म्हणायचं?" त्याच दिवशी बाईंनी घरातला आपला सागवानी पलंग हातगाडीवर घालून सरूआत्यांकडे पाठवला, आणि ती खाट आपल्या घरी नेली. युसूफभाई वाटेत मला म्हणाले, "इत्ते साल काम किया किसनभाई, पन ऐसी तारीफ किसीने नै की."

तेव्हापासून बाई त्याच खाटेवर झोपतात. कुणी विचारले तर म्हणतात, "हिच्यावरचं मरण होऊन गेलंय, आता भीती नाही." मला ते बोलणे कधीच आवडले नाही.

इथपर्यंत लिहिले ते सगळे चांगल्या दिवसांचे. पुढचे लिहू नये असे दोनदा वाटले, पण गौरव म्हणून खोटे लिहिलेले बाईंना चालणार नाही.

मंडळाचे आता काही खरे राहिलेले नाही. जुनी माणसे गेली किंवा मुलांकडे राहायला गेली. युसूफभाई चितेगावला मुलाजवळ असतात. नवी पोरे येतात, चार दिवस तालमी करतात आणि पुण्या-मुंबईला जातात. त्यांना दोष कसा द्यावा? गल्ल्यांत गाड्या उभ्या असतात, बसायला जागा नसते. गेल्या मेळ्यात एका नाटकाला समोर जितकी माणसे होती त्याहून जास्त रंगमंचावर होती. आणि मागायला जावे तर घरांत उचलून देण्यासारखे काही उरलेले नाही. सगळे भिंतीला ठोकलेले.

गेल्या पावसाळ्यात बाई पडल्या. कंबरेचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. काठी धरून दारापर्यंत येतात, पुन्हा खाटेवर. खाली बसायचे नाही, खाली बसल्या तर उठता येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पंचाहत्तरीनिमित्त काय करावे असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की सत्कार नको, मेळ्यात विणकराचे नाटक पुन्हा करा. त्यांना लांब जाता येत नाही म्हणून यंदाचा मेळा त्यांच्याच गल्लीत घ्यायचे ठरले. मी युसूफभाईंना फोन केला. ते म्हणाले, "मरने कू मैं कबी बी तैयार हूँ, तुम खाट तो लाओ."

आणि खाट मिळत नाही.

गल्लीतली सगळी घरे झाली. एका सूनबाईंनी मला आत नेऊन त्यांचा पलंग दाखवला. म्हणाल्या, "काका, हा हलत नाही. ह्याच्या पोटात आमच्या गाद्या आहेत." एक मुलगा चांगला होता, त्याने मोबाईल काढला, "कशाला फिरता, उद्या घरपोच येईल." मी म्हणालो, विकतची चालत नाही. त्याला ते समजले नाही, आणि मलाही समजावून सांगता आले नाही. मग मी बाईंना विचारले की गल्लीबाहेरची चालेल का. त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "चालेल. शेजार कुठवर असतो ते मी कधी मोजलं नाही. पण घरातली पाहिजे, दुकानातली नको."

सिडकोत एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. "कुणाकडं जायचंय?" मी म्हणालो, "ज्याच्याकडं खाट असंल त्याच्याकडं." तो म्हणाला, "बाबा, भंगाराला इथं परवानगी नाय." बेगमपुऱ्यात गेलो. सरूआत्या जाऊन कितीतरी वर्षे झाली. त्यांच्या घराच्या जागी इमारत उभी आहे, आणि बाईंचा सागवानी पलंग आत्यांच्या पुतण्यांनी केव्हाच विकला. बिडकीनला माझ्या भावकीत गेलो. तिथे नवे बंगले झाले आहेत. पुतण्या म्हणाला, "तात्या, खाटा का? त्या मागच्या होळीत गेल्या की."

परवा हे सगळे बाईंना सांगितले. त्या खाटेवर पडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "किसनभाऊ, मग माझी न्या. माझं घरही याच गल्लीत आहे."

"आणि तुम्ही?"

"मी खाली झोपते."

"तुम्हाला खाली बसून उठता येत नाय."

"मग उठायचं नाही."

हे त्या हसून म्हणाल्या. मला हसता आले नाही. मग त्याच म्हणाल्या, "शहरात एक घर खाट देत नसेल, तर आपल्याला शेजार उरला नाही. मग मंडळ तरी कुणासाठी चालवायचं? हे नाटक करू आणि थांबू." मी म्हणालो, बाई, तुमच्याकरता एक चांगला पलंग मी विकत आणतो. त्या म्हणाल्या, "मला चालेल हो. पण नाटकात माझी खाट गेली, म्हणजे मागायला दुसरं घर मिळालं नाही, एवढंच ठरतं."

मी घरी आलो तेव्हापासून मला चैन नाही. मी अडाणी माणूस, सरूआत्यांना त्या दिवशी हसलो होतो. आता मला सारखे दिसते की युसूफभाई पुन्हा त्याच खाटेवर डोळे मिटतात, लोक रडतात, आणि दुसऱ्या दिवशी मी ती खाट पुसून बाईंच्या घरात नेऊन ठेवतो. ती मी कोणत्या हाताने ठेवू? हे माझ्या मनाचे खेळ आहेत असे संपादक म्हणतील. त्यांनी हे वाक्य काढले तरी चालेल, पण पुढचे काढू नये.

अशा ग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतितात. मीही चिंततो. मला ते असे दिसते की युसूफभाईंनी दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेवर मरावे, बाईंनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ते बघावे, आणि मग घरी जाऊन आपल्याच खाटेवर झोपावे. रोज सकाळी तिच्यावरून उठावे. कंबरेचे दुखणे कमी व्हावे. अशी पुष्कळ वर्षे जावीत, आणि मी जोवर आहे तोवर त्यांनी मला सामान आणायला पाठवावे.

हा ग्रंथ बाईंच्या वाढदिवसाला निघेल आणि मेळा त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे. म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरात, माळ्यावर, गच्चीवर, गोठ्यात खाट असेल तर कळवा. सोयगावची असो की शहरातली, मी स्वतः न्यायला येईन. नवार तुटलेली असली तर मी ओढून घेईन. पाय मोडका असला तर सुताराला दाखवीन. तिच्यावर नाटकात माणूस मरतो, हे आधीच सांगून ठेवतो, मागून कुणाची फसगत नको. परत घ्यायला मन धजले नाही तर घेऊ नका, त्याचा राग नाही. माझे घर रिकामेच आहे, मी झोपेन तिच्यावर.

फक्त लवकर कळवा.